इंग्रजीतला ‘गेट’: अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करते, सोबत इंग्रजी शिकणाऱ्यांना मदतही करते, आणि या सगळ्या काळात मला कुठल्या एका शब्दाबद्दल सगळ्यात जास्त विचारलं गेलं असेल तर तो ‘गेट’, म्हणजे get हे क्रियापद, दाराचं गेट नव्हे. अवघड शब्दांबद्दल लोक एवढं विचारत नाहीत, डिक्शनरीत बघतात आणि मोकळे होतात. हा शब्द मात्र दिसायला इवलासा आणि दर वाक्यात काहीतरी वेगळंच बोलतो, त्यामुळे चांगलं इंग्रजी वाचणारी माणसंही बोलताना याला बिचकतात. म्हणून नेहमीचे प्रश्न एका जागी लिहून काढतेय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, मोठ्याने वाचा म्हणजे कानाला सवय होईल.

‘गेट’चा मराठीत नेमका अर्थ काय?

एकच असा अर्थ नाहीये आणि तो शोधत बसू नका, मला मुख्य सांगायचंय ते हेच. शाळेत ‘गेट म्हणजे मिळणे’ असं शिकवतात आणि ते काही खोटं नाही, पण मग ‘इट्स गेटिंग लेट’ मध्ये कोणाला काय मिळतंय? कोणालाच काही नाही, उशीर होतोय. ‘वी गॉट होम’ म्हणजे आम्हाला घर मिळालं नव्हे, आम्ही घरी पोचलो. ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे मला कळत नाहीये.

आता जरा आपल्या ‘लागणे’कडे बघा. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, निकाल लागला, डोळा लागला, गाडी लागली, नाद लागला, दोन तास लागले, बाळ चालायला लागलं, मला जावं लागलं, आणि वर तो तुझा कोण लागतो. मराठी शिकणाऱ्या कोणी तुम्हाला विचारलं की बाबा लागणेचा अर्थ एका शब्दात सांगा, तर काय सांगाल? नाही सांगता येणार, आणि तरी आपण आयुष्यात एकदाही या शब्दाला अडखळलेलो नाही, कारण आपण नुसत्या ‘लागणे’कडे बघतच नाही, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघतो. भूक बसली असेल तर एक अर्थ, निकाल बसला असेल तर दुसरा.

‘गेट’चंही तंतोतंत तसंच आहे. फरक एवढाच की मराठीत शेजारी आधी येतो आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे ‘लागली’ कानावर पडेपर्यंत आपल्याला सगळं कळलेलं असतं. इंग्रजीत ‘गेट’ आधी येतो आणि शेजारी नंतर. आपण ‘गेट’पाशीच थांबून अर्थ लावायला जातो आणि फसतो. थांबू नका, पुढचा शब्द येऊ द्या.

मग पुढे काय आलं की काय अर्थ होतो, हे जरा सोपं करून सांगा ना.

पुढे वस्तू आली तर मिळणे, मिळवणे, आणणे किंवा विकत घेणे यापैकी काहीतरी. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे पत्र आलं, ‘आय गॉट अ जॉब’ म्हणजे नोकरी लागली, ‘गेट मी अ पेन’ म्हणजे मला एक पेन आणून दे. पत्र आपोआप आलं, नोकरीसाठी धडपड केली, पेन उठून आणावं लागलं, पण इंग्रजीला त्याचं काही नाही, शेवटी वस्तू हातात आली ना, मग ‘गेट’.

पुढे विशेषण आलं, म्हणजे वेट, टायर्ड, अँग्री, ओल्ड असलं काही, तर एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं. भिजणं, दमणं, चिडणं, म्हातारं होणं. इथे मराठीत बहुतेक वेळा एक अख्खं वेगळं क्रियापद असतं, म्हणून आपल्याला ‘गेट’ सुचत नाही, आणि मग लोक ‘आय बिकेम वेट’ म्हणतात, जे व्याकरणाने चूक नाही पण असं कोणी बोलत नाही.

पुढे जागा आली तर पोचणे. ‘व्हेन डिड यू गेट हिअर?’ म्हणजे इथे कधी पोचलास. यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, होम, हिअर, देअर यांच्या आधी ‘टू’ लागत नाही, बाकी ठिकाणी लागतो. ‘गेट टू द स्टेशन’, पण ‘गेट होम’.

आणि पुढे दुसरं क्रियापद आलं की खरी मजा सुरू होते, त्यावर खाली वेगळं लिहिलंय कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

‘आय एम गेटिंग कोल्ड’ आणि ‘आय एम गेटिंग अ कोल्ड’ यात फरक आहे का?

आहे, आणि पुढच्या शब्दाकडे बघा असं मी का म्हणते ते या एका जोडीत दिसतं. पहिल्यात कोल्ड हे विशेषण आहे, म्हणजे मला थंडी वाजायला लागली, खिडकी लाव. दुसऱ्यात ‘अ’ आल्यामुळे कोल्ड ही वस्तू झाली, म्हणजे मला सर्दी होतेय. एकाचा उपाय म्हणजे स्वेटर आणि दुसऱ्याचा म्हणजे झोपून राहणं, आणि मध्ये फक्त एक ‘अ’. हा ‘अ’ इतका हलका उच्चारतात की ऐकताना निसटतो, मग बाकीच्या बोलण्यावरून ओळखायचं.

‘गेट’ आणि ‘बिकम’ एकच ना?

विशेषणाच्या बाबतीत बऱ्यापैकी एकच, ‘बिकम’ जरा पुस्तकी वाटतो एवढंच. पण नाम आलं की अजिबात एक नाही. ‘शी वॉन्ट्स टु बिकम अ डॉक्टर’ म्हणजे तिला डॉक्टर व्हायचंय. ‘शी वॉन्ट्स टु गेट अ डॉक्टर’ म्हणजे तिला डॉक्टरला बोलवायचंय, कोणीतरी आजारी आहे. एका विद्यार्थ्याने स्वतःची ओळख करून देताना ‘आय वॉन्ट टु गेट अ टीचर’ असं लिहिलं होतं, त्याला म्हणायचं होतं की मला शिक्षक व्हायचंय, आणि वाचणाऱ्याला वाटलं की हा शिकवणी लावायला माणूस शोधतोय.

विशेषणातही प्रत्येक ठिकाणी ‘गेट’ चालत नाही. रंग बदलला की ‘टर्न’ किंवा ‘गो’ म्हणतात, ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’, ‘ही वेंट रेड’. वेडं होणं, आंधळं होणं, वस्तू खराब होणं याला पण ‘गो’, ‘गो मॅड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो बॅड’. याचा पक्का नियम मला कोणी दिला नाही आणि मी देऊ शकत नाही, ऐकून ऐकूनच बसतं.

‘ही वॉज फायर्ड’ आणि ‘ही गॉट फायर्ड’ दोन्ही बरोबर आहेत का?

दोन्ही बरोबर. दोन्हीत त्याची नोकरी गेली. पण ‘गॉट’ आला की बोलण्यात घडल्याची चाहूल येते, काहीतरी झालं, बसलं, भोगावं लागलं असं. आपण ‘त्याला मारलं’ आणि ‘त्याने मार खाल्ला’ म्हणतो ना, साधारण त्या दोघांत जो फरक वाटतो तसं काहीसं. ‘माय फोन गॉट स्टोलन’ यात बोलणाऱ्याची चिडचिड ऐकू येते, ‘माय फोन वॉज स्टोलन’ हे तक्रार लिहून देताना शोभतं.

आणि एक व्यावहारिक फायदा आहे. ‘दे वेअर मॅरिड’ म्हटलं की कळत नाही, त्यांचं लग्न झालेलं होतं की त्या वेळी झालं? ‘दे गॉट मॅरिड’ म्हटलं की शंकाच उरत नाही, त्या दिवशी लग्न लागलं. मला वाटतं याच स्पष्टपणामुळे बोलीत हा इतका मुरलाय. बघा, लग्न ‘लागलं’, इथे पण आपला लागणे हजर.

‘करवून घेणे’ कसं म्हणायचं? ‘आय रिपेअर्ड माय फोन’ म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण मग तुम्ही स्वतः पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला होतात असा अर्थ होईल. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’. मराठीत ‘फोन दुरुस्त केला’ असं सैलपणे म्हटलं तरी चालून जातं, आपण ‘केस कापले’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं की कापले दुसऱ्याने. इंग्रजीत हा सैलपणा चालत नाही, ‘आय कट माय हेअर’ म्हणजे स्वतःच आरशासमोर उभं राहून. म्हणून आधी वस्तू आणि मग काम: ‘गेट माय हेअर कट’, ‘गेट द कार वॉश्ड’, ‘गेट इट डन’.

माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर मध्ये ‘टू’ येतो, ‘आय गॉट हिम टु साइन इट’, म्हणजे त्याची सही घेतली एकदाची. या ‘गेट’मध्ये थोडी मनधरणी लपलेली असते, गोड बोलून, मागे लागून, समजावून. ‘हॅव’ वापरला तर ‘टू’ नाही, ‘आय हॅड हिम साइन इट’, आणि त्यात मनधरणी नसते, ते त्याचं कामच होतं. साहेब ‘हॅव’ म्हणतो आणि मित्र ‘गेट’ म्हणतो असं मी शिकवताना सांगते, आणि बहुतेक वेळा ते लागू पडतं.

‘गेट टू’ आणि ‘गॉट टू’ यात मी नेहमी गडबडतो.

सगळेच गडबडतात, पण मराठीत इथे इतकी सुंदर जोडी जुळते की एकदा दिसली की विसरणार नाही. ‘गेट टू’ म्हणजे ‘-यला मिळणे’. ‘आय नेव्हर गेट टु सी हर’, मला ती कधी बघायलाच मिळत नाही. ‘डिड यू गेट टु टॉक टु हिम?’, त्याच्याशी बोलायला मिळालं का? यात संधी आहे, हौस आहे. हे भाषांतर डोक्यात बसवा, ते जवळजवळ प्रत्येक वाक्यात चपखल बसतं, मला स्वतःला ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी मी जुनी दोन-तीन भाषांतरं काढून सुधारली होती, कारण तिथे मी उगाच ‘संधी मिळाली’ असं जडजंबाल लिहून ठेवलं होतं.

‘हॅव गॉट टू’ म्हणजे ‘-वं लागणे’. ‘आय हॅव गॉट टु गो’, मला जावं लागेल, निघायलाच हवं. घाईत बोलताना याचंच ‘गॉटा’ होतं, ‘आय गॉटा गो’. बोलायला ठीक, लिहिताना मित्रांपुरतंच ठेवा.

म्हणजे एक ‘टू’ मिळण्याचा आणि एक लागण्याचा. एकात आवड, दुसऱ्यात सक्ती. आणि तिसरा एक आहे, ‘गेट टु नो’, म्हणजे हळूहळू ओळख होत जाणं, यात संधी पण नाही आणि सक्ती पण नाही, फक्त वेळ जातो.

जाता जाता, ‘दे गॉट टॉकिंग’ म्हणजे ते बोलायला लागले, आणि ‘लेट्स गेट गोइंग’ म्हणजे चला, निघूया. सुरुवात होण्याचा हा अर्थ, आणि मराठीत पुन्हा एकदा ‘लागणे’. हा योगायोग असेल, पण मला याचं फार अप्रूप वाटतं.

‘गेट यूज्ड टू’ नंतर ‘आयएनजी’ लावायचं की नाही?

लावायचं. ‘आय गॉट यूज्ड टु वेकिंग अप अर्ली’, मला लवकर उठायची सवय झाली. नुसतं ‘आय यूज्ड टु वेक अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचे, आता नाही उठत. दोन्ही वेगळी वाक्यं आहेत, दिसायला बहिणी वाटतात एवढंच.

‘आय हॅव अ कार’ आणि ‘आय हॅव गॉट अ कार’, यात जास्त बरोबर कुठलं?

दोन्ही बरोबर आणि अर्थ एकच, माझ्याकडे गाडी आहे. ‘गॉट’ इथे मिळालं असा काही सांगत नाही, नुसता सोबतीला आलाय. ब्रिटिश बोलण्यात ‘हॅव गॉट’ फार ऐकू येतं, ‘हॅव’ सगळीकडे चालतं. फक्त भूतकाळात हे सहसा करू नका, माझ्याकडे गाडी होती म्हणायचं तर ‘आय हॅड अ कार’, ‘आय हॅड गॉट अ कार’ म्हटलं की ऐकणारा वेगळाच अर्थ लावेल.

‘गॉटन’ चुकीचं आहे ना? आमच्या शिक्षकांनी तर त्यावर लाल रेघ मारली होती.

चुकीचं नाही, ते अमेरिकन आहे. आणि गंमत अशी की ते अमेरिकेत जन्मलेलंही नाही. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘गॉटन’ आहे, म्हणजे इंग्लंडमध्येच ते छापलं जात होतं. तिकडून लोक अमेरिकेला गेले ते हा शब्द घेऊन गेले, पुढे इंग्लंडमध्ये तो मागे पडला आणि अमेरिकेत टिकून राहिला. म्हणजे जे आज नवीन आणि बिघडलेलं समजतात ते खरं तर जुनं आहे. ब्रिटिश इंग्रजीतही त्याची खूण शिल्लक आहे, ‘फरगॉटन’ तर सगळेच म्हणतात आणि वाममार्गाने मिळवलेल्या पैशाला ‘इल-गॉटन’ म्हणतात.

आणि अमेरिकन लोक दोन्ही वापरतात आणि त्यात फरक करतात, तो फार उपयोगी आहे. ‘आय हॅव गॉट द टिकेट्स’ म्हणजे तिकिटं माझ्याकडे आहेत, ‘आय हॅव गॉटन द टिकेट्स’ म्हणजे तिकिटं मिळवली, काम झालं. परीक्षेत ब्रिटिश पद्धत मागितली असेल तर ‘गॉट’ लिहा, बाकी ज्या पद्धतीने लिहाल ती शेवटपर्यंत धरून ठेवा, अर्ध्यात बदलू नका.

बसमध्ये ‘गेट इन’ की ‘गेट ऑन’?

बस, ट्रेन, विमान, जहाज यात ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. कार आणि टॅक्सीत ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’. लक्षात ठेवायला युक्ती अशी की ज्या वाहनात शिरल्यावर उभं राहून चालता येतं तिथे ‘ऑन’, आणि जिथे वाकून आत बसावं लागतं तिथे ‘इन’. सायकल आणि घोडा यांच्यावर तर चढूनच बसतो, म्हणून ‘ऑन’.

गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे विथ... एवढे सगळे पाठ करायचे का?

पाठ करू नका, माझा अनुभव असा आहे की यादी पाठ केलेला माणूस बोलायच्या वेळी यादीत शोधत बसतो. त्यापेक्षा असं बघा की इथे ‘गेट’ म्हणजे नुसतं सरकणं, हलणं, आणि कुठल्या दिशेला ते पुढचा शब्द सांगतो. ‘अप’ वर, म्हणून उठणं. ‘ओव्हर’ वरून पलीकडे, म्हणून ‘गेट ओव्हर अ वॉल’ म्हणजे भिंत ओलांडणं, आणि ‘गेट ओव्हर अ लॉस’ म्हणजे दुःखातून बाहेर पडणं, ती पण एक भिंतच. ‘थ्रू’ आरपार, म्हणून कठीण काळ काढणं, आणि फोन लागणं पण, ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोनच लागला नाही. ‘बाय’ बाजूने, कसंबसं निसटून, म्हणून ‘वी गेट बाय’ म्हणजे भागतं आमचं. ‘अलाँग’ बरोबरीने, म्हणून जमणं, पटणं, ‘दे डोन्ट गेट अलाँग’, त्यांचं पटत नाही. ‘अवे विथ’ म्हणजे करून सवरून नामानिराळं राहणं, चोरी पण केली आणि सापडला पण नाही. ‘अक्रॉस’ या बाजूकडून त्या बाजूला, म्हणून मुद्दा समोरच्याला पोचवणं.

सगळेच असे सरळ सुटत नाहीत. ‘गेट अराउंड टू’ म्हणजे करीन करीन म्हणता शेवटी एकदाचा मुहूर्त लागणं. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुला म्हणायचंय तरी काय, तुझा रोख कुठेय. असे दोन-चार तसेच गिळावे लागतात.

कोणी ‘आय विल गेट बॅक टु यू’ म्हटलं तर काय समजायचं?

नंतर कळवतो. तो माणूस परत येणार नाहीये. मी कामाला लागले तेव्हा एका परदेशी ग्राहकाने फोनवर हेच म्हटलं आणि मी संध्याकाळपर्यंत फोनजवळून हलले नाही, वाटलं पाचेक मिनिटांत परत फोन येईल. उत्तर आलं आठवड्याने, ईमेलवर, आणि त्याच्या दृष्टीने त्याने शब्द पाळला होता. यात वेळ सांगितलेली नसते. निकड असेल तर तिथल्या तिथे विचारा, कधीपर्यंत कळवाल.

याच्याच शेजारचं एक, फोन वाजत असताना किंवा दारावरची बेल वाजल्यावर कोणी ‘कॅन यू गेट दॅट?’ म्हणालं तर काही आणायचं नसतं, फोन उचलायचा असतो किंवा दार उघडायचं असतं. पहिल्यांदा मला कोणी असं म्हटलं तेव्हा मी टेबलावर इकडेतिकडे बघत राहिले की ‘दॅट’ म्हणजे नक्की कुठली वस्तू, आणि तोवर फोन वाजायचा थांबला.

‘आर यू गेटिंग मी?’ हे बरोबर आहे का?

आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण ‘समजणे’ या अर्थी ‘गेट’ला सहसा ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘डू यू गेट इट?’, ‘डू यू गेट व्हॉट आय मीन?’ असं म्हणा. आणि खरं सांगायचं तर ‘तुला समजतंय का’ हे असं समोरच्याला टोकणं कुठल्याही भाषेत जरा खटकतंच, त्यापेक्षा ‘डज दॅट मेक सेन्स?’ म्हटलं की समजावून सांगायची जबाबदारी आपल्याकडे राहते.

समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नसेल तर ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’, आणि ऐकू आलं पण डोक्यात शिरलं नसेल तर ‘आय डोन्ट गेट इट’. काळ बदलला की अर्थ बदलतो, बघा. ‘गॉट इट’ म्हणजे कळलं, लक्षात आलं. ‘आय गॉट यू’ अनेकदा मी आहे तुझ्या पाठीशी अशा आधाराच्या अर्थाने येतं, आणि कधी कधी पकडलं की नाही बरोबर, असंही. आणि ‘शी गेट्स मी’ म्हणजे ती मला समजून घेते, माझं मन तिला कळतं, हे मला या शब्दाचं सगळ्यात जिव्हाळ्याचं रूप वाटतं.

हा शब्द आला कुठून?

मूळचा इंग्रजीचा नाही, व्हायकिंग लोकांचा. नवव्या शतकापासून उत्तरेकडचे हे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिले आणि त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतले शेकडो शब्द इंग्रजीत मिसळले. दे, टेक, स्काय, एग, लेग, विंडो, हजबंड हे सगळे तिकडचे. त्यातलाच ‘गेटा’, म्हणजे मिळवणे, आणि त्याचा साधारण १२०० च्या आसपास इंग्रजीत ‘गेट’ झाला. अगदी परका नव्हता, जुन्या इंग्रजीतही त्याचं भावंड होतं पण ते एकटं कधी येत नसे, पुढे काहीतरी लावूनच येई. त्यातला एक जोडशब्द आजही आहे, ‘फरगेट’. ‘गेट’ म्हणजे पकडणं आणि ‘फर’ने ते उलटं झालं, म्हणजे पकड सुटली, विसरलं. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार ‘य’कडे झुकणारा होता, हा ठणठणीत ‘ग’ नॉर्सने दिलेला आहे, नाहीतर आज कदाचित ‘येट’ म्हणत असते.

याचं मूळ पकडणे, धरणे असं आहे आणि त्याच मुळातून लॅटिनमधून फिरून ‘कॉम्प्रिहेंड’ आलाय, म्हणजे आकलन होणे. आपणही म्हणतो ना, मुद्दा पकडला, ग्रहणशक्ती चांगली आहे. हातात धरणं आणि मनात धरणं यांना माणसं फार लांबचं समजत नाहीत.

दाराचं गेट आणि हे गेट एकच का?

नाही. मराठीत दोन्ही सारखंच लिहितो म्हणून तसं वाटतं. दाराच्या गेटमध्ये ‘ए’ लांब आहे, शेवटी किंचित ‘इ’ लागतो, आणि या ‘गेट’मधला ‘ए’ आखूड, पटकन तोडायचा, पेन, टेन यातल्यासारखा. लांबवलात तर ऐकणारा दाराचं समजेल.

औपचारिक लिखाणात ‘गेट’ चालतो का?

अर्जात, अहवालात, शोधनिबंधात कमी वापरावा. चूक नाही, पण तिथे नेमकेपणा हवा असतो आणि ‘गेट’ नेमका नाही. मिळालं असेल तर ‘रिसीव्ह’, प्रयत्नाने मिळवलं तर ‘ऑब्टेन’, झालं तर ‘बिकम’, पोचलं तर ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’. पण उलटी चूक पण करू नका, घरच्या माणसाला ‘आय शॅल ऑब्टेन मिल्क’ असं सांगणं फार अवघडल्यासारखं होतं. पाल्हाळ न लावता सांगायचं तर, ज्याला आपण मराठीत ‘प्राप्त झाले’ लिहू तिथे ‘रिसीव्ह’, आणि ‘मिळालं’ म्हणू तिथे ‘गेट’.

प्रोग्रॅमिंगमधलं ‘गेट’ हेच का?

हेच. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो त्या विनंतीचं नाव ‘गेट’, अर्थ अगदी पेन आणून दे मधलाच. १९९१ मध्ये एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांची, पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात ही एकच आज्ञा होती, माहिती पाठवायची ‘पोस्ट’ वगैरे नंतर आलं. नियम असा की ‘गेट’ने फक्त आणायचं, तिकडे काही बदलायचं नाही, म्हणून काही खोडायची लिंक कधीही ‘गेट’वर ठेवू नये, सर्च इंजिन पानं चाळताना अशा लिंकवर जाऊन सगळं पुसून टाकू शकतं.

मग ‘लागणे’ दिसला की डोळे मिटून ‘गेट’ लिहू का?

नको हो. भूक लागली ‘गेट हंग्री’, नोकरी लागली ‘गेट अ जॉब’, लग्न लागलं ‘गेट मॅरिड’, जावं लागलं ‘हॅड टु गो’ किंवा आत्ता असेल तर ‘हॅव गॉट टु गो’, इथपर्यंत सोबत चांगली आहे. पण आग लागली म्हणजे ‘कॅच फायर’, दोन तास लागले म्हणजे ‘इट टुक टू अवर्स’, डोळा लागला म्हणजे ‘डोझ्ड ऑफ’. तुलना समजून घेण्यासाठी आहे, भाषांतर करायला नाही. मी शिकणाऱ्यांना एक काम देते, दिवसभरात जिथे जिथे ‘गेट’ दिसेल, मालिकेत, बातमीत, मेसेजमध्ये, ते अख्खं वाक्य वहीत उतरवायचं आणि समोर मराठीत आपण काय म्हटलं असतं ते लिहायचं, फक्त ‘मिळणे’ हा शब्द जिथे अगदी दुसरा पर्यायच नाही तिथेच. परवा एकीने वही दाखवली, त्यात चाळीस वाक्यं होती आणि ‘मिळणे’ सहा वेळा आलं होतं, आणि त्या सहापैकी तीन ‘बघायला मिळालं’ वाली.